हरलेल्या संघाचा गुरू : विन्स लोम्बार्डी

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम दरवर्षी सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो. त्या सामन्यातील विजेत्या संघास जो चषक प्रदान केला जातो तो चांदीचा असून सुमारे २२ इंच उंच आणि ७ पौंड वजनाचा आहे. या चषकास कोणा राष्ट्राध्यक्षाचे वा उद्योगपतीचे नाव नाही. मांसविक्रेत्याच्या एका मुलाचे नाव त्यास आहे. हा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत गेला आणि चार वर्षांनी तेथून बाहेर पडला. पुढे शाळेत लॅटिन शिकवता शिकवता तो खेळाचा प्रशिक्षक झाला. विन्सेंट थॉमस लोम्बार्डी हे त्याचे नाव. त्यांच्या निधनास अर्धशतक उलटून गेले आहे. तरीही संघाचा प्रशिक्षक बदलला की अमेरिकेत आजही त्यांच्याशीच तुलना केली जाते. नेतृत्वबदल म्हणजे काय आणि त्याने काय साध्य होते व काय होत नाही, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळावयाचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन फुटबॉल हा खेळ निराळा. त्याचा चेंडू लांबट असतो आणि तो बहुधा हातात धरून पळवला किंवा फेकला जातो. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि कोणी कोठे धावायचे, कोणी कोणाला अडवायचे हे ठरवले जाते. आक्रमणाचे खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे. त्यामुळे या खेळात प्रशिक्षकाचे स्थान सेनापतीसारखे असते आणि संघ हरू लागला की पहिली तलवार त्याच्यावरच कोसळते.

पाचारणाचा शोध

विन्स यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. पाच भावंडांत ते थोरले. वडील हॅरी यांचा मांसविक्रीचा व्यवसाय होता. वडील आणि आई मटिल्डा या दोघांची शिस्त कडक होती आणि घरातील श्रद्धा त्याहूनही पक्की. विन्स लहानपणी संत मार्क यांच्या चर्चमध्ये वेदीसेवक होते. वयाच्या १५व्या वर्षी, १९२८ साली, धर्मगुरू होण्याच्या इच्छेने ते ब्रुकलिन धर्मप्रांताच्या प्राथमिक सेमिनरीत दाखल झाले. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. चार वर्षांनंतर, हे आपले पाचारण नव्हे, असा निर्णय घेऊन ते बाहेर पडले आणि संत फ्रान्सिस विद्यालयात एक वर्ष शिकून १९३३ साली येशूसंघीयांच्या फोर्डहॅम विद्यापीठात गेले.

सेमिनरी सोडून घरी परतलेल्या तरुणाकडे आपला समाज अद्यापही काहीशा खिन्न नजरेने पाहतो, जणू त्याची ती वर्षे वाया गेली. लोम्बार्डी यांच्या बाबतीत ती वर्षे वाया गेली नाहीत. पहाटेचे उठणे, वेळेचे काटेकोर पालन आणि रोजची मिस्सा या सवयी त्यांना आयुष्यभर पुरल्या. फोर्डहॅम येथे धर्मगुरू इग्नेशियस कॉक्स यांच्या नीतिशास्त्राच्या वर्गाने त्या सवयींना विचारांचे अधिष्ठान दिले. स्वातंत्र्य आणि कर्तव्य ही एकमेकांची शत्रू नव्हेत, हा त्या शिकवणीचा गाभा होता.

खेळाडू म्हणून ते असामान्य नव्हते. उंची सुमारे ५ फूट ८ इंच, देहयष्टीही या खेळाच्या मानाने लहान. ते गार्ड या जागी खेळत. गार्डच्या हाती चेंडू क्वचितच येतो. इतरांना वाट मोकळी करून देण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेणे हे त्याचे काम. फोर्डहॅमच्या त्या पहिल्या फळीतील सात खेळाडूंना वृत्तपत्रांनी ग्रॅनाइटचे सात चिरे असे नाव दिले होते. लोम्बार्डी त्यांतील एक चिरा होते. ज्याच्या श्रमावर दुसऱ्याची धाव उभी राहते, त्या माणसाचे मोल त्यांना आयुष्यभर ठाऊक होते, याचे मूळ येथे आहे.

शाळामास्तर आणि साहाय्यक

१९३७ साली पदवी मिळाली, पण काळ महामंदीचा होता. वित्तसंस्थेतील नोकरी आणि कायद्याचा अर्धवट सोडलेला अभ्यास असे दिवस गेल्यावर १९३९ साली ते न्यू जर्सीतील एंगलवूड येथील संत सिसिलिया या धर्मग्रामाच्या शाळेत शिक्षक झाले. लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान हे विषय ते शिकवीत आणि उरलेल्या वेळात फुटबॉल संघाचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम पाहत. १९४० साली मेरी प्लॅनिट्झ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ साली ते मुख्य प्रशिक्षक झाले. या छोट्या शाळेत त्यांनी एकूण आठ वर्षे काढली. वर्गातील सर्वांत मंद विद्यार्थ्याला समजेपर्यंत धडा पुन्हा पुन्हा शिकवायचा, ही त्यांची पद्धत तेथेच घडली.

फोर्डहॅम येथे दोन वर्षे काम केल्यानंतर १९४९ साली ते वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत कर्नल अर्ल ब्लेक यांचे साहाय्यक झाले. ब्लेक हे त्यांचे खरे गुरू. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांच्या चित्रफिती बारकाईने पाहणे, अनावश्यक डावपेच छाटून टाकणे आणि उरलेले थोडे बिनचूक करणे, हे त्यांनी ब्लेक यांच्याकडून घेतले. १९५१ साली परीक्षेतील गैरप्रकार उघडकीस आल्याने अकादमीतून अनेक कॅडेट्सना काढण्यात आले. त्यांत फुटबॉल संघातील बहुतेक खेळाडू होते आणि खुद्द ब्लेक यांचा मुलगाही होता. ब्लेक यांनी राजीनामा दिला नाही. अननुभवी मुलांना हाताशी धरून त्यांनी संघ पुन्हा उभारला. नेत्याची कसोटी पडझडीनंतर कशी लागते, हे लोम्बार्डी यांनी तेथे जवळून पाहिले.

१९५४ साली व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यांचा प्रवेश झाला. न्यूयॉर्क जायंट्स या संघाने १९५३च्या हंगामात १२ पैकी ९ सामने गमावले होते. दोन दशकांहून अधिक काळ प्रशिक्षक असलेले स्टीव्ह ओवेन यांना त्यामुळे पायउतार व्हावे लागले आणि त्यांच्या जागी जिम ली हॉवेल आले. हॉवेल यांनी आक्रमणाची जबाबदारी लोम्बार्डी यांच्यावर आणि बचावाची टॉम लँड्री यांच्यावर सोपवली. स्वतःचे काम केवळ चेंडूत हवा भरण्याचे आहे, असे ते विनोदाने म्हणत. ज्या माणसाला आपल्याहून हुशार साहाय्यकांची भीती वाटत नाही, त्याचे नेतृत्वही मोठेच असते. १९५६ साली जायंट्सने शिकागो बेअर्सचा ४७–७ असा पराभव करून अजिंक्यपद मिळवले.

लोम्बार्डी यांनाही येथे एक धडा मिळाला. वेस्ट पॉइंटचे कॅडेट्स आज्ञा निमूटपणे पाळीत. येथील खेळाडू प्रौढ होते, संसारी होते आणि त्यांतील काहींनी महायुद्धही पाहिले होते. केवळ दरडावणी त्यांच्यापुढे चालेना. तेव्हा लोम्बार्डी अनुभवी खेळाडूंच्या खोलीत जाऊन त्यांचे मत विचारू लागले. पुढे त्यांची ख्याती कठोर हुकूमशहा अशी झाली. परंतु त्या कठोरपणाच्या आत ऐकून घेण्याची ही सवय दडलेली होती, हे विसरून चालणार नाही.

तेच खेळाडू, नवा प्रशिक्षक

इतके असूनही मुख्य प्रशिक्षकपद मात्र त्यांना मिळत नव्हते. वय पंचेचाळिशीकडे झुकले होते. आपल्या इटालियन आडनावामुळे दारे बंद होतात, अशी खंत त्यांच्या मनात होती. अखेर बोलावणे आले ते उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या छोट्या शहरातून.

ग्रीन बे पॅकर्स या संघाची गोष्टच निराळी आहे. हा संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाही. सामान्य भागधारकांच्या मालकीची, नफा न वाटणारी अशी ती संस्था आहे. कर्ली लँबो यांनी १९१९ साली संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि प्रशिक्षक म्हणून त्याला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. मात्र लँबो गेल्यानंतर संघाची घडी विसकटली. नऊ वर्षांत तीन मुख्य प्रशिक्षक येऊन गेले. १९४७ नंतर एकाही हंगामात पराभवांपेक्षा विजय अधिक झाले नव्हते. १९५८ साली तर १२ सामन्यांत १ विजय, १० पराभव आणि १ बरोबरी अशी नामुष्की ओढवली. त्या वर्षीचे प्रशिक्षक रे मॅक्लीन हे सज्जन आणि मनमिळाऊ होते. ते खेळाडूंसोबत पत्ते खेळत, परंतु शिस्त त्यांना राखता आली नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९५८च्या त्या अपयशी संघात बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, रे निट्श्के, फॉरेस्ट ग्रेग, जिम रिंगो आणि जेरी क्रेमर हे सात खेळाडू होते. हे सातही जण पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झाले. याचा अर्थ गुणवत्ता घरातच होती. जॅक वैनिसी या तरुण निरीक्षकाने ती देशभरातून वेचून आणली होती. उणीव होती ती प्रत्येकाला त्याच्या जागी उभे करणाऱ्या माणसाची.

१९५९च्या आरंभी लोम्बार्डी यांनी प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक अशी दोन्ही पदे स्वीकारली. निर्णयाचे पूर्ण अधिकार आपल्याकडे असतील, ही त्यांची अट संचालकांनी मान्य केली. त्यांनी वेळेचे बंधन असे घातले की नेमलेल्या वेळेच्या आधी हजर नसणारा उशिरा आला असे समजले जाई. जाडजूड डावपेचांचे पुस्तक त्यांनी बाजूला ठेवले आणि थोडेच डाव निवडले. हॉर्नंग यांना कधी एका तर कधी दुसऱ्या जागी खेळवले जात होते. त्यांची एक जागा कायमची ठरवून दिली. संघाचा प्रमुख डाव स्वीप या नावाने ओळखला गेला. त्यात दोन्ही गार्ड आपली जागा सोडून बाजूला धावतात आणि वाट मोकळी करतात. मागून चेंडू घेऊन येणारा खेळाडू जेथे फट दिसेल तेथून निसटतो. प्रतिस्पर्ध्यांना हा डाव ठाऊक असे, तरी तो अडवता येत नसे, इतका सराव त्यामागे होता. शिस्त सर्वांसाठी एक आणि शेवटचा निर्णय मात्र धावणाऱ्याचा, हे या डावाचे मर्म होते. त्या पहिल्याच हंगामात ७ विजय व ५ पराभव झाले.

वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहिलेला माणूस

लोम्बार्डी आले तेव्हा अमेरिकेत वर्णभेद सर्रास चालू होता. ग्रीन बे येथे कृष्णवर्णीय खेळाडूंना चांगले घर भाड्याने मिळणेही कठीण होते. आपल्या संघात वर्णावरून कोणी कोणाला हिणवले तर त्याला तत्काळ काढून टाकले जाईल, असे त्यांनी पहिल्यापासून बजावले. जे उपाहारगृह कृष्णवर्णीय खेळाडूस सेवा नाकारील, तेथे संपूर्ण संघ पाऊल ठेवणार नाही, असा नियम त्यांनी केला. एमलेन टनेल या अनुभवी कृष्णवर्णीय खेळाडूला त्यांनी न्यूयॉर्कहून आणले. पुढे विली डेव्हिस, विली वूड आणि हर्ब अॅडर्ली यांच्यासारखे खेळाडू संघाचा कणा झाले. हे सर्व १९६४चा नागरी हक्क कायदा होण्यापूर्वीच सुरू झाले होते, याची नोंद घ्यावयास हवी. आपल्या आडनावामुळे झालेली उपेक्षा त्यांनी मनात कटुता म्हणून साठवली नाही; दुसऱ्याचा अपमान ओळखण्याची दृष्टी म्हणून ती वापरली.

हरण्यातून शिकणे, बोलण्यातून शिकणे

१९६० साली संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडून १७–१३ असा हरला. शेवटचा प्रयत्न विजयरेषेपासून काही यार्डांवर थोपवला गेला. पुढील उन्हाळ्यात सराव सुरू झाला तेव्हा लोम्बार्डी यांनी या कसलेल्या खेळाडूंपुढे चेंडू उचलून धरला आणि हा फुटबॉल आहे, अशी त्याची ओळख करून देण्यापासून आरंभ केला. संत सिसिलियाच्या शाळामास्तरांनी पुन्हा पहिला धडा काढला होता. त्या वर्षी त्यांनी अंतिम सामन्यात जायंट्सचा ३७–० असा धुव्वा उडवला. १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ या वर्षीही अजिंक्यपद ग्रीन बेकडे आले. सात वर्षांत पाच अजिंक्यपदे. १९६०च्या त्या पराभवानंतर अजिंक्यपदाच्या मार्गावरील एकही बाद सामना लोम्बार्डी यांनी गमावला नाही.

त्यांचा स्वभाव तापट होता. मैदानावर त्यांचा आवाज दूरवर ऐकू जाई. एकदा सर्वांसमोर बोलणी खाल्ल्यावर बार्ट स्टार त्यांना एकांतात भेटले. संघाचे नेतृत्व करणाऱ्याचा संघासमोर पाणउतारा झाला तर त्याचे कोण ऐकणार, असा त्यांचा प्रश्न होता. चूक असेल तर बंद दाराआड सांगावी, एवढीच त्यांची विनंती होती. लोम्बार्डी यांनी ती मान्य केली आणि नंतर कधी मोडली नाही. जेरी क्रेमर यांनाही एका सरावात त्यांनी असेच फैलावर घेतले. क्रेमर खेळ सोडण्याच्या विचारात बसले असताना तेच लोम्बार्डी जवळ आले आणि तू एक दिवस सर्वोत्तम गार्ड होशील असे सांगून गेले. क्रेमर पुढे आयुष्यभर ही आठवण सांगत राहिले.

३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे डॅलस काउबॉइजविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला. डॅलसचे प्रशिक्षक होते जुने सहकारी टॉम लँड्री. तापमान शून्याखाली सुमारे २५ अंश सेल्सिअस होते आणि मैदान बर्फासारखे कडक झाले होते. १६ सेकंद उरले असताना ग्रीन बे १४–१७ असे मागे होते आणि विजयरेषा एका यार्डाहूनही जवळ होती. चेंडू लाथेने खांबांमधून मारून बरोबरी साधण्याचा मार्ग मोकळा होता. स्टार यांनी सुचवले की चेंडू दुसऱ्याकडे न देता आपण स्वतःच घुसावे. लोम्बार्डी यांनी क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला. क्रेमर यांनी केन बोमन यांच्यासह समोरच्याला ढकलून फट पाडली, स्टार आत शिरले आणि सामना २१–१७ असा जिंकला. ज्याला कधी सर्वांसमोर झिडकारले होते, त्याच्या शब्दावर प्रशिक्षकाने सारा हंगाम पणाला लावला. नऊ वर्षांत नेतृत्वाने केलेला प्रवास या एका होकारात दिसतो.

खुर्ची सोडणे

जानेवारी १९६८ मध्ये दुसरा सुपर बोल जिंकल्यावर थकलेल्या लोम्बार्डी यांनी प्रशिक्षकपद सोडले. महाव्यवस्थापकपद मात्र ठेवले. आपले साहाय्यक फिल बेंगस्टन यांच्या हाती त्यांनी संघ दिला. त्या हंगामात संघाला ६ विजय, ७ पराभव आणि १ बरोबरी एवढेच हाती लागले. संघातील आधारस्तंभ वयस्क झाले होते आणि बेंगस्टन यांच्या प्रत्येक निर्णयावर मागच्या सावलीचे ओझे होते. काचेआड बसून सामना पाहणे लोम्बार्डी यांनाही असह्य झाले. १९६९ साली ते वॉशिंग्टनच्या संघाचे प्रशिक्षक झाले. चौदा वर्षांत प्रथमच त्या संघाचे विजय पराभवांहून अधिक झाले. तेथे लॅरी ब्राउन नावाचा नवखा खेळाडू प्रत्येक वेळी किंचित उशिरा धावतो, हे त्यांनी हेरले. आळस म्हणून त्याला हाकलून देता आले असते. लोम्बार्डी यांनी त्याचे कान तपासून घेतले. एका कानाने ऐकू येत नाही असे कळल्यावर शिरस्त्राणात श्रवणयंत्र बसवण्याची व्यवस्था केली. हाच ब्राउन १९७२ साली संपूर्ण लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

लोम्बार्डी यांच्या उणिवाही झाकून ठेवण्याचे कारण नाही. पत्नी मेरी, मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्याला त्यांचा फार थोडा वेळ आला. विजयालाच सर्वस्व मानणारे एक वचन त्यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. ते मुळात दुसऱ्या एका प्रशिक्षकाचे. लोम्बार्डी यांनीही ते वापरले आणि नंतर आपला रोख प्रयत्नांवर होता असे सांगावे लागले. ग्रीन बेमध्ये ते कामावर जाण्यापूर्वी संत विलिब्रॉर्ड यांच्या चर्चमध्ये रोज मिस्सा ऐकत. आपल्या तापट स्वभावाला या प्रार्थनेची गरज आहे याची त्यांना जाणीव होती, असे त्यांच्या निकटच्या लोकांचे मत होते. स्वतःच्या प्रकृतीकडे मात्र त्यांनी दुर्लक्ष केले आणि पोटाच्या तक्रारींची तपासणी टाळली. जून १९७०मध्ये येशूसंघीयांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात दाखल झाल्यावर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. ३ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या संत पॅट्रिक महामंदिरात कार्डिनल टेरेन्स कुक यांनी त्यांच्यासाठी अंत्यविधीची मिस्सा अर्पण केली. त्याच वर्षी सुपर बोलच्या चषकास त्यांचे नाव देण्यात आले.

ग्रीन बे येथे मात्र तो चषक यावयास जानेवारी १९९७ उजाडावे लागले. मधल्या २९ वर्षांत खुद्द बार्ट स्टार आणि फॉरेस्ट ग्रेग हे लाडके शिष्यही प्रशिक्षक होऊन गेले. गुरूचे यश त्यांच्या हाती आले नाही. जो नेता सर्व अधिकार आपल्या हाती घेतो तो घर लवकर सावरतो, परंतु त्याच्या पश्चात ते घर पेलणारा सहजासहजी तयार होत नाही. धर्मग्राम असो, शाळा असो वा पतपेढी, आपल्या संस्थांमध्येही जुना माणूस जातो आणि नवा येतो. जुन्याची सावली नव्यावर पडते आणि नवा अपयशी ठरला की आपण लगेच तिसऱ्याचा शोध सुरू करतो. लोम्बार्डी यांच्या जीवनाकडे पाहताना आम्हांस वाटते की खरा प्रश्न पुढचा नेता कोण हा नाही. आपल्यामध्ये आधीपासून असलेली, चुकीच्या जागी उभी असलेली किंवा एका कानाने ऐकू न येणारी माणसे कोणती आणि ती अद्याप कोणाच्या नजरेस का आली नाहीत, हा प्रश्न आपण आधी विचारावयास हवा.